चतुरंगाचा पट आणि सप्तांग राज्य
(महाड-पोलादपूर प्रांताच्या इतिहासावरून एक परीक्षण)

(१)

बुद्धिबळाच्या पटास राज्यकारणाचा आरसा समजण्याची चाल आपल्या इतिहासलेखनांत फार रूढ झाली आहे. एखाद्या मुत्सद्द्याचें वर्णन करावयाचें झालें म्हणजे त्यानें अमक्यास शह दिला, तमक्याचा काटशह चुकविला, एक प्यादें देऊन वजीर मारला, अशा शब्दांवांचून लेखकाचें पाऊल पुढें पडत नाहीं. हे शब्द भाषेंत इतके मुरलेले आहेत कीं, ते एका खेळांतून आले याची आठवणहि राहत नाहीं. शब्दांविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु शब्दांबरोबर त्या खेळाची विचारसरणीहि लेखणींत उतरते, आणि मग जें पटावर नाहीं तें इतिहासांतहि नव्हतें असा भास होऊं लागतो. हा भास संशोधकास व संग्राहकास किती महाग पडतो, हें दाखविण्याकरितां प्रस्तुत परीक्षण लिहिलें आहे.

प्रश्न सरळ आहे. राज्य उभारणें व तें वाढविणें या व्यापाराचें चित्र बुद्धिबळांत येतें काय? येत नसेल, तर तें दुसऱ्या कोणत्या खेळांत येतें? याची कसोटी नुसत्या तर्कानें घेण्यापेक्षां एखाद्या भूमीवर घ्यावी हें बरें, म्हणून आम्ही सावित्रीच्या खोऱ्यांतील महाड व पोलादपूर हा प्रदेश निवडला आहे. हे दोन तालुके आजच्या रायगड, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा, जिल्ह्याच्या आंतल्या भागांत आहेत. रायगड महाड तालुक्यांत आहे. चंद्रगड, कांगोरी ऊर्फ मंगळगड हे याच डोंगरांतले. आणि प्रतापगड आज सातारा जिल्ह्यांत मोडत असला तरी तो पोलादपुराच्या माथ्यावरच उभा आहे. एवढ्या लहान टापूंत १६५६ सालीं एक राज्य वाढलें, १६८९ सालीं तें बुडाल्यासारखें झालें, आणि १७९६ सालीं येथें बसून एका मुत्सद्द्यानें पुण्याची गादी फिरविली. ज्या खेळास राज्यकारणाचा आरसा म्हणावयाचें, त्यांत या तीन प्रसंगांचें प्रतिबिंब दिसलें पाहिजे.

(२)

प्रथम ग्रंथांकडे पाहूं. चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांत, म्हणजे शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास, चतुरंगक्रीडेचें वर्णन आलें आहे. पण तें कोठें आलें आहे हें पाहाण्यासारखें आहे. या ग्रंथाच्या पांच विंशति आहेत : राज्याची प्राप्ति, राज्याचें स्थैर्य, उपभोग, विनोद आणि क्रीडा. अमात्य, कोश, दुर्ग, सैन्य, मित्र यांचा विचार राजानें दुसऱ्या विंशतींत केला. चतुरंग मात्र पांचव्या विंशतींत, पांसे व कवड्या यांच्या खेळांशेजारीं ठेविलें. ज्यानें स्वतः राज्य चालविलें त्यानें हे दोन विषय एकत्र येऊं दिले नाहींत. ग्रंथाची ही मांडणीच एक अभिप्राय आहे.

सतराव्या शतकांतील नीलकंठभट्टाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या भगवंतभास्कराच्या बारा मयूखांपैकीं नीतिमयूखांत बुद्धिबळाचें विवेचन आहे. नीलकंठ हा काशीच्या भट्ट घराण्यांतला. घराणें मूळ पैठणचें. रायगडावर १६७४ सालीं राज्याभिषेकाचा विधि चालविणारा गागाभट्ट याच घराण्यांतला, नीलकंठाच्या चुलतभावाचा म्हणजे दिनकरभट्टाचा पुत्र. तेव्हां ज्या घरांत राजानें पट कसा मांडावा हें लिहिलें गेलें, त्याच घरांतील पुढच्या पिढीच्या पुरुषानें महाडजवळच्या या गडावर राजास सिंहासनीं बसविलें. हा योग मोठा मनोहर आहे. परंतु त्यावरून अधिक कांहीं काढूं नये. नीतीच्या ग्रंथांत खेळ आला म्हणून खेळ हीच नीति होत नाहीं. नीलकंठानें सेनापति, दूत, कोश यांची प्रकरणें गाळून त्यांच्या जागीं पट ठेविला नाहीं.

तिसरा ग्रंथ त्रिवेंगडाचार्याची विलासमणिमंजरी. हा दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या आश्रयानें झाला व १८१४ सालीं मुंबईस त्याचें इंग्रजी भाषांतर छापून निघालें. त्यांत मुख्यतः मात करण्याच्या निरनिराळ्या मांडण्या आहेत. ग्रंथ कारागिरीच्या दृष्टीनें उत्तम. परंतु ज्याच्या आश्रयानें तो झाला, त्या पेशव्याचें राज्य भाषांतर छापल्यावर चार वर्षांत गेलें. मे १८१८ मध्यें रायगड इंग्रजांच्या हवालीं झाला, तेव्हां पेशव्याची पत्नी वाराणसीबाई गडावरच होती. ग्रंथाचा यांत दोष नाहीं. पटावरील मात शिकल्यानें राज्य राखतां येतें अशी कोणाची समजूत असल्यास मात्र तिला हें उत्तर पुरेसें आहे.

(३)

आतां खेळाच्या अंतरंगाकडे वळूं. चतुरंग हें नांव सैन्याच्या चार अंगांवरून पडलें : हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. राज्याचीं अंगें मात्र आपल्या शास्त्रकारांनीं सात सांगितलीं आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. पटावर यांपैकीं किती आहेत तें मोजावें. राजा आहे, वजीर आहे आणि दंड म्हणजे फौज आहे. जनपद, दुर्ग, कोश व मित्र हीं चार अंगें पटावर मुळींच नाहींत. युरोपांतील खेळाडू हत्तीच्या मोहऱ्यास बुरुजाचा आकार देतात व राजास त्याच्या आड बसविण्याच्या खेळीस आपण किल्लेकोट म्हणतों. पण पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धांवणाऱ्या बुरुजास दुर्ग म्हणणें कठीण आहे.

याहून मोठें वैगुण्य दुसरेंच आहे. डाव मांडतांच दोन्हीकडचीं सोळा-सोळा मोहरीं पूर्ण तयार उभीं असतात आणि त्यानंतर तीं केवळ कमी होत जातात. घर जिंकलें तरी त्यांतून भात निघत नाहीं, मीठ निघत नाहीं, नवा शिपाई निघत नाहीं. राज्याची गति याच्या उलट असते. तें थोड्यापासून आरंभून वाढत जातें. बुद्धिबळ हा राज्य झिजविण्याचा खेळ आहे; उभारण्याचा नाहीं.

जानेवारी १६५६ मध्यें शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली, आणि चंद्रराव मोरे रायरीस गेल्यावर तीहि त्याच वर्षीं हस्तगत केली. हा प्रसंग मोऱ्यांच्या बखरीमुळें लोकांच्या तोंडीं आहे. पण ती बखर प्रसंगानंतर पुष्कळ काळानें लिहिलेली असून तिच्यांतील पत्रोपपत्रांची चकमक वाचतांना बुद्धिबळाचा डाव चालल्यासारखें वाटतें. म्हणूनच ती आवडते. जावळीचें खरें मोल निराळें होतें. हा मुलूख म्हणजे घाटमाथा व तळकोंकण यांमधील दार. महाडापर्यंत खाडीनें माल येई आणि तेथून पार घाटानें वांई प्रांतांत चढे. अफजलखानाच्या स्वारींत या अरण्याचें काम काय होतें, तें शिवभारतकार कवींद्र परमानंदानें जाणलें होतें. त्याची समाधि पोलादपुरास दाखवितात. जावळी हातीं येतांच महाराजांनीं घाटाच्या तोंडावर प्रतापगड बांधिला. जुनी रायरी पुढें रायगड झाली. जनपद, कोश आणि दुर्ग हीं पटावर नसलेलीं तीनहि अंगें या एका मोहिमेंत वाढलीं. १६५६ पासून १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंत अठरा वर्षें लोटलीं. या अठरा वर्षांतील तटबंदी, तळीं खोदणें, धान्याची बेगमी, वतनदारांस कौल देणें, यांतलें एकहि काम चौसष्ट घरांत मांडतां येत नाहीं. तें मांडतां येत नाहीं म्हणून आमच्या पुस्तकांत जावळीचें प्रकरण चंद्ररावाच्या मृत्यूबरोबर संपतें आणि पुढचें एकदम अफजलखानाच्या तंबूंत उघडतें.

देशी खेळाच्या एका नियमाचा मात्र येथें गौरव केला पाहिजे. युरोपीय पद्धतींत शेवटच्या घरीं पोहोंचलेलें प्यादें राजाखेरीज वाटेल तें मोहरें होतें. आपल्या जुन्या पद्धतींत तें ज्या घरीं पोहोंचलें त्या घरचें मोहरें होतें. घोड्याच्या घरीं घोडा, उंटाच्या घरीं उंट. जणूं त्या शिपायास त्या घराचें वतनच मिळालें. पदवी भूमीस चिकटलेली असते, हा आमच्या राज्यरचनेचा विशेष खेळ रचणाऱ्यांच्या मनांत असेल किंवा नसेल, पण नियमांत उतरला आहे. तसेंच प्याद्यानें केलेली मात सर्वांत मानाची, आणि सर्व मोहरीं मारलीं जाऊन राजा एकटा उरल्यास ती बुर्जी, म्हणजे अर्धाच विजय. एकट्या पडलेल्या राजास पुरा हरला न समजण्यांत एक प्रकारचें शहाणपण आहे.

(४)

हें शहाणपण १६८९ सालीं कसास लागलें. त्या वर्षीं फेब्रुवारींत संभाजी महाराज संगमेश्वरीं धरले गेले व ११ मार्चास त्यांचा वध झाला. राजाराम महाराज रायगडावरून प्रतापगडाकडे निघून पुढें चंदीस गेले. नोव्हेंबरांत रायगड मोंगलांच्या हातीं पडला. येसूबाई व बाळराजे शाहू कैद झाले. पटाच्या न्यायानें येथें मात झाली. राजा नाहीं, राजधानी नाहीं, युवराज शत्रूच्या छावणींत. डाव आवरून घरीं जावें. दिल्लीच्या बादशहानेंहि बहुधा असाच हिशेब केला असेल. परंतु त्यापुढें औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, अठरा वर्षें लढाई चालूच राहिली, आणि मध्यंतरीं १७०० सालीं राजाराम महाराज वारले तरी ती थांबली नाहीं.

असें कां झालें, याचें उत्तर राजाच्या मोहऱ्यांत शोधून मिळणार नाहीं. तें उरलेल्या अंगांत आहे. स्वामी गेला तरी अमात्य होते, दुर्ग सगळे पडले नव्हते, आणि देशमुख-पाटलांचा जनपद जागच्या जागीं होता. या दिवसांत ज्यानें कारभार सांभाळला त्या रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रांत राजाच्या कर्तव्याबरोबरच प्रधान, साहुकार, वतनदार, दुर्ग आणि आरमार यांचा विचार आहे. साहुकारास राज्याची शोभा मानणारा हा मुत्सद्दी स्वामीवरच सगळें राज्य टांगलेलें आहे असें समजत नव्हता. आज्ञापत्र वाचून पट समोर मांडावा, म्हणजे पटावर काय नाहीं याची यादी आपोआप तयार होते.

(५)

आतां मित्र या अंगाविषयीं. ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवराव वारले. वारसाच्या भांडणांत परशुरामभाऊ पटवर्धन व शिंदे यांच्या बळावर चिमाजीअप्पास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, आणि नाना फडणीस वांईहून घाट उतरून महाडास आले. त्यांनीं घाट रोखले, प्रतापगडांत शिबंदी भरली, रायगडाचा बंदोबस्त केला, आणि मग जें मांडलें त्यास आपण ‘महाडचें कारस्थान’ म्हणतों. निजामाशीं ऑक्टोबर १७९६ मध्यें तह झाला. त्यांत आदल्या वर्षीं खर्ड्यावर मिळविलेलें परत देण्याची कबुली होती. शिंद्यांस मुलुखाचें व किल्ल्याचें आमिष दाखविलें. नागपूरकर भोसले अनुकूल झाले. वर्षअखेर दुसरा बाजीराव गादीवर आणि नाना पुनः कारभारावर आले.

या प्रसंगास ‘नानांचा बुद्धिबळाचा डाव’ असें म्हणण्याची इतकी संवय झाली आहे कीं, कोणास त्यांत खटकत नाहीं. पण पटाच्या नियमांनीं ही हकीकत सांगून पाहावी. बुद्धिबळांत खेळाडू दोन. येथें निदान सहा होते. बुद्धिबळांत काळें मोहरें पांढरें होत नाहीं. येथें वसंतांत विरुद्ध असलेले शिंदे शरदांत बाजूला आले. बुद्धिबळांत सर्व मोहरीं दोघांच्याहि डोळ्यांसमोर असतात. येथें कोणाचें वचन कोणास विकलें गेलें आहे हें दुसऱ्यास ठाऊक नव्हतें. आणि बुद्धिबळांत जिंकणारा जिंकून उठतो. येथें ३१ डिसेंबर १७९७ रोजीं, वर्ष-सव्वा वर्षानें, शिंद्यांनीं नानांसच कैद केलें. नानांची बुद्धि थोर होती हें मान्य करूनहि, तो डाव या पटावरचा नव्हता असेंच म्हणावें लागतें.

यास जवळचा असा एक जुना खेळ आपल्याच देशांत आहे व तो आमच्या लेखकांच्या लक्षांत सहसा येत नाहीं. तो म्हणजे चौघांनीं फांसे टाकून खेळावयाचें चतुरंग, ज्यास चतुराजी म्हणतात. अकराव्या शतकांत अल्बेरूनीनें त्याचें वर्णन केलें आहे, आणि सोळाव्या शतकांतील बंगालच्या रघुनंदनाच्या तिथितत्त्वांत व्यास युधिष्ठिरास तो शिकवितात असा प्रकार आहे. फांशावर पांच पडल्यास प्यादें किंवा राजा, चार पडल्यास हत्ती, तिनास घोडा व दोहोंस नौका चालवावयाची. चार राजे, त्यांत दोन-दोन मित्र. परंतु एका राजानें मित्राचें सिंहासन व्यापलें कीं मित्राचें सैन्यहि त्याच्या हुकमाखालीं जातें! मित्र हा आजचा सोबती व उद्यांचा धनी, हें राज्यकारणांतील कटु सत्य या खेळानें नियमांतच घातलें. दैवालाहि त्यांत वांटा आहे. सवाई माधवरावांचा मृत्यु कोणाच्या खेळींत बसत होता? शिवाय रथाच्या जागीं नौका आहे. सावित्रीच्या खाडीवर वसलेल्या महाडाच्या राज्यकारणास हें मोहरें रथापेक्षां शोभतें.

(६)

युरोप-अमेरिकेंत गेल्या दोनशें वर्षांत या वैगुण्यांवर पुष्कळ विचार झाला. प्रशियांत १८२४ च्या सुमारास राइस्विट्झ यानें लष्करी खेळांतून चौकटी काढून प्रमाणबद्ध नकाशा आणिला. भूमि पटावर आली. लामोरिस या फ्रेंच गृहस्थानें १९५७ सालीं काढलेल्या व ‘रिस्क’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या खेळांत जगाचे बेचाळीस भाग असून जितके भाग ताब्यांत त्या मानानें नवी फौज मिळते. म्हणजे राज्य वाढूं लागलें. कॅल्हॅमर या अमेरिकनानें १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘डिप्लोमसी’ खेळांत सात सत्ता आहेत, फांसे नाहींत, आणि खेळाडूंनीं बाजूस जाऊन परस्परांस वचनें द्यावयाचीं असतात; तीं पाळण्याचें बंधन नाहीं. चौतीस पुरवठ्याच्या ठिकाणांपैकीं अठरा मिळविणारा जिंकतो, आणि जेवढीं ठिकाणें तेवढीच फौज ठेवतां येते. कोश आणि दंड यांची अशी गांठ बुद्धिबळांत कोठेंच नाहीं. १९८० सालीं ट्रेशम या इंग्रजानें ‘सिव्हिलायझेशन’ नांवाच्या खेळांत जमिनीच्या मगदुराप्रमाणें वस्ती, व्यापार आणि दैवी आपत्तीहि आणिल्या. २ ऑगस्ट १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे २ ऑगस्ट २०१६ रोजीं सावित्रीच्या पुरांत महाडचा इंग्रजी अमदानींतला पूल वाहून गेला, हें ज्यांस आठवतें त्यांस आपत्तीचीं पानें पटावर कां असावींत हें सांगावयास नको.

‘डिप्लोमसी’ हा महाडच्या कारस्थानास आणि ‘सिव्हिलायझेशन’ हा जावळीनंतरच्या अठरा वर्षांस पुष्कळ जवळ येतो, हें निःपक्षपातानें कबूल केलें पाहिजे. तरी या सर्व खेळांत एक समान उणीव आहे व ती आमच्या दफ्तरांवरून तत्काळ ध्यानांत येते. त्यांत एका भूमीचा धनी एकच. रंग बदलला कीं मुलूख बदलला. मराठी मुलुखांत असें कधींच नव्हतें. एकाच गांवावर राजाचा महसूल, देशमुखाचा हक्क, पाटलाची पाटिलकी, देवस्थानचा इनाम आणि पुढें सरंजामदाराची नेमणूक असे थर एकावर एक बसलेले असत. मोंगलाईंतील गांवावर चौथ व सरदेशमुखी आणखी वेगळी. जावळी जिंकली म्हणजे हे थर नाहींसे झाले नाहींत. त्यांच्या माथ्यावर नवा स्वामी आला, आणि खालच्या प्रत्येक थराशीं त्यास बोलणें करावें लागलें. राज्य वाढविणें म्हणजे मुख्यतः हेंच बोलणें होय. तें दाखविणारा खेळ अद्याप झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तो कोणी करील तर मराठी दफ्तरें वाचलेला मनुष्यच करील.

येथें बुद्धिबळाच्या बाजूनें एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. खेळ हा खेळ असतो. त्यानें सगळें जग पोटांत घ्यावें अशी अपेक्षा कां करावी? फांसा नाहीं, आडपडदा नाहीं, दोघांस सारखें बळ. एवढ्यावर केवळ दूरदृष्टीनें जिंकावयाचें, हीच त्याची थोरवी. आम्हांस ती पूर्ण मान्य आहे. मानसोल्लासकारासहि ती मान्य असली पाहिजे, नाहींतर त्यानें तो खेळ राजास सांगितला नसता. दोष खेळाकडे नसून क्रीडाविंशतींतील पट उचलून राज्यस्थैर्याच्या विंशतींत मांडणाऱ्या आमच्या लेखणीकडे आहे.

(७)

हा वाद केवळ अलंकारशास्त्राचा असता तर त्रैमासिकाचीं पानें अडविलीं नसतीं. पण लेखकाची उपमा ही संग्राहकाची चाळणी होऊन बसते. ज्याच्या मनांत पट आहे, तो रुमाल सोडतांना शह-काटशहाचीं पत्रें शोधतो. मुत्सद्द्याचें पत्र निघालें कीं तें काचेखालीं जातें. त्याच रुमालांतील गल्ल्याचा जमाखर्च, किल्ल्याच्या बेगमीची याद, घाटाच्या जकातीचा झाडा, नावाड्यांच्या मजुरीचा हिशेब, वतनाचा महजर हे ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात, आणि किरकोळ म्हणून ठेविलेल्या कागदांस कसर आधीं लागते. महाड-पोलादपुरासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशांत तर एका पावसाळ्याचा हयगयपणा पुरतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, राज्याचीं जीं चार अंगें पटावर नाहींत तींच या किरकोळ कागदांत आहेत. नानांनीं काय लिहिलें हें आपणांस बरेंच कळलें आहे. नाना महाडास असतां प्रतापगडच्या शिबंदीस धान्य कोणत्या वाटेनें व कोणाच्या पाठीवरून चढलें, हें सांगणारें एक पान अशा दहा पत्रांच्या तोलाचें मानावें.

याच्या जोडीस खेळाच्या हस्तलिखितांविषयींहि एक सूचना करितों, कारण त्यांचे हाल उलट दिशेनें होतात. बाडांत कधीं आठ-आठ घरांच्या आठ ओळींची आकृति व तींत १ पासून ६४ पर्यंत अंक असलेलें सुटें पान मिळतें. तें यंत्र समजून मंत्रशास्त्राच्या गठ्ठ्यांत बांधण्यापूर्वीं दोन परीक्षा कराव्या. पहिली : प्रत्येक ओळीची बेरीज २६० येते काय? आल्यास तें बहुधा यंत्र होय. दुसरी, व अधिक निर्णायक : १ वरून २, २ वरून ३ असें जातांना प्रत्येक वेळीं घोड्याची अडीच घरांची उडी पडते काय? पडत असेल तर तो तुरगपदबंध होय, मग बेरीज कांहींहि येवो. कारण दोन्ही गुण एकत्र असलेल्या रचनाहि असूं शकतात. अंकांच्या जागीं अक्षरें असल्यास तीं त्याच क्रमानें लावून श्लोक निघतो कीं काय तें पाहावें. रुद्रटाच्या काव्यालंकारापासून वेदांतदेशिकाच्या पादुकासहस्रापर्यंत या चित्रबंधाची परंपरा आहे. नीतिमयूखांतहि घोडा सर्व घरांवरून फिरविण्याच्या रीति दिल्या आहेत. असें पान मिळाल्यास तें कोणत्या गांवच्या, कोणत्या रुमालांतून व कोणत्या कागदांशेजारून निघालें याची नोंद त्याच्यासोबत ठेवावी. पान एकटें फिरूं लागलें कीं त्याचा अर्धा इतिहास गेला.

सारांश, चतुरंग हें सैन्याचें आहे आणि राज्य हें सप्तांग आहे. दोहोंमधील हें अंतर सोमेश्वरास जवळजवळ नऊशें वर्षांपूर्वीं ठाऊक होतें व रामचंद्रपंतास तें अनुभवानें कळलें होतें. रायगडाच्या पायथ्याशीं काम करणाऱ्या संशोधकानें शह आणि मात हे शब्द खुशाल वापरावे. मात्र रुमाल सोडतांना त्यानें सात अंगें मोजावीं, आणि ज्या अंगाचा कागद सर्वांत मळका असेल तो आधीं वाचावा.